उभ्याने ऐकलेलं व्याख्यान

वैशाख आला की आमच्या उरणकडे ऊन दोनदा लागतं. एकदा वरून, एकदा खालून. खालचं ऊन मिठाचं. मिठागरांच्या चौकोनी वाफ्यांत खाडीचं पाणी आटत येतं, त्याच्यावर आधी गुलाबी झाक चढते, मग दुधावर साय धरावी तशी पांढरी खडी धरते, आणि बघता बघता बांधाबांधावर मिठाच्या राशी उभ्या राहतात. दुपारी त्यांच्याकडे बघवत नाही. मी बघते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऊन वर्ज्य सांगितलं आहे. मी मान डोलावते आणि छत्री घेऊन बांधावर जाते.

यंदा निम्म्या आगरांवर भराव पडलाय. काल जिथे पाणी होतं तिथे आज लाल माती, आणि मातीवर ट्रकच्या चाकांच्या खुणा. गावातली तरणी पोरं संध्याकाळी सभा घेतात. जमीन घ्या, पण आम्हाला विचारून घ्या, आमच्या भावाने घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं. मी जाते. परवा एका पोराने विचारलं, "आजी, तुमच्या वेळी असं सरळ तोंडावर बोलायची सोय होती का?"

मी म्हटलं, "सोय नव्हती. आम्ही बोलायचो."

घरी येईपर्यंत तो वैशाख डोळ्यांसमोरून हलला नाही. मिठाच्या कायद्यावरून देशभर धरपकड होऊन गेली होती, त्यानंतरच्या एखाद-दोन वर्षांतला. मी विशीच्या अलीकडची, नुकती मॅट्रिक झालेली. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, गावच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर होते. भर उन्हाळ्यातही काळा कोट घालायचे आणि घामाने तो पाठीला चिकटला तरी काढायचे नाहीत. त्यांचं म्हणणं फार साधं होतं. माणसाला बोलू द्यावं, दुसऱ्याने ते ऐकून घ्यावं, आणि पटलं नाही तर का पटलं नाही हे सांगावं. घर, बाजार, राज्य, सगळं याच रीतीने चालावं. कोणाची मेहनत कोणी जबरदस्तीने घेऊ नये, कोणाचं तोंड कोणी बंद करू नये. हे ऐकायला इतकं सोपं वाटायचं की त्यात भांडण लागण्यासारखं काय आहे, हे मला बरीच वर्षं कळलंच नाही.

दर वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत शाळेच्या दिवाणखान्यात अण्णा व्याख्यानमाला भरवायचे. बाकं बाहेर काढायची, सतरंज्या अंथरायच्या, वक्त्यासाठी टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या आणि मोगऱ्याची वाटी. वक्ते मुंबईहून लाँचने मोरा बंदराला उतरायचे. समुद्र खवळलेला असला की पाहुणे हिरवेपिवळे होऊन घरी पोचायचे आणि आई त्यांना लिंबाची फोड चोखायला द्यायची. मग संध्याकाळी तेच पाहुणे नगरपालिकेच्या कारभारावर, सहकारी पतपेढीवर, मुलींच्या शिक्षणावर असं काही बोलायचे की ऐकणाऱ्याची पाठ ताठ व्हायची. मी हाताने जाहिराती लिहायचे. शाई वाळण्याआधी खारा वारा यायचा आणि अक्षरं फुगायची.

सतरंजीवर वकील, मास्तर, व्यापारी, पोस्टातली मंडळी बसायची. आगरी माणसं खिडक्यांबाहेर. त्यांना कोणी आत येऊ नका असं म्हटलं नव्हतं, पण या असंही कोणी म्हटलं नव्हतं. दिवसभर मीठ ओढून थकलेली माणसं गजांना धरून उभी असायची. अण्णा वक्त्याकडे कमी आणि खिडकीकडे जास्त बघायचे. एकदा घरी येताना म्हणाले, "इंदू, आपण वर्षानुवर्षं या खिडक्यांना पाठ करून बोलतोय."

त्या वर्षी त्यांनी विषय ठरवला, "जमीन कसणाऱ्याची का असू नये?" बोलायला मुंबईच्या कॉलेजातले अर्थशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक यायचे होते.

जाहिरात शाळेच्या फाटकावर लागली त्याच संध्याकाळी भाऊसाहेब आमच्या ओटीवर आले. भाऊसाहेब गावचे खोत. आसपासच्या वाड्यांची भातजमीन त्यांची. आगरी कुळं ती कसायची आणि पिकातला मोठा वाटा त्यांच्या कोठारात नेऊन टाकायची. शाळेची इमारत त्यांच्या वडिलांनी बांधून दिलेली, शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. माणूस उर्मट नव्हता. आवाज कधी चढायचा नाही. चढवायची वेळच त्यांच्यावर कोणी येऊ दिली नव्हती.

"मास्तर, विषय वाचला," ते पानाला चुना लावत म्हणाले. "जमीन कोणाची ते कागदावर लिहिलेलं आहे. त्याच्यावर व्याख्यान ते कसलं?"

"कागदावर काय आहे हे गावाला पाठ आहे, भाऊसाहेब. ते तसंच असावं का, एवढ्यावर बोलायचंय. तुम्हीही या. तुमची बाजू मांडा. हवं तर तुम्ही आधी बोला."

"माझी बाजू? माझ्याच कुळांपुढे?" ते हसले. मग पान तोंडात टाकून म्हणाले, "विषय बदला. स्वच्छतेवर ठेवा, पटकीची साथ येतेच आहे. नाहीतर शाळेचा दिवाणखाना मिळायचा नाही. आणि आणखी एक. इंदूसाठी पनवेलच्या मंडळींकडे मी शब्द टाकलाय. मुलगी त्यांना पसंत आहे. पण माणसं जुन्या वळणाची. व्याही काय करतो, कोणाला चिथावतो, सगळी चौकशी करतात."

मी दाराआड होते. अण्णांना ते ठाऊक असणार, कारण त्यांनी मान न वळवता हाक मारली, "इंदू, बाहेर ये."

मी बाहेर आले. पायाखालची शेणाने सारवलेली जमीन गार होती, ते मला अजून आठवतं.

"ऐकलंस ना? तुझं मत सांग."

"मास्तर, मुलीला काय विचारता?" भाऊसाहेब म्हणाले.

"लग्न तिचं आहे, म्हणून तिला विचारतो."

मला बोलायची सवय नव्हती. पण ज्या बापाने जन्मभर ‘बोल’ म्हटलं त्याच्यासमोर गप्प राहणं मला जमलं नसतं. मी म्हटलं, "ज्या घराला अण्णांच्या व्याख्यानाची भीती वाटते, त्या घरात मला उभ्या जन्मात तोंड उघडता यायचं नाही. विषय बदलू नका."

भाऊसाहेब उठले, जोडे घातले आणि नेहमीसारखा शांत नमस्कार करून गेले. खरी गरमागरमी त्यानंतर स्वयंपाकघरात झाली. आईने त्या दिवशी भाकऱ्या अशा थापल्या की शेजारच्या घरात ऐकू जावं. "तत्त्वं तुमची आणि लेक माझी," ती अण्णांना म्हणाली. "तुमची तत्त्वं म्हातारी झाली तरी कोणी नावं ठेवत नाही. ही घरात राहिली तर?" आईचं काही चुकत नव्हतं. तिची भीती खरी होती, आणि भीती खरी असते तेव्हाच निर्भयपणाला काही किंमत येते, हे मी तिच्याकडे बघून शिकले.

दोन दिवसांनी गावातली खादीवाली मुलं आली. त्यातले बरेचसे अण्णांचे विद्यार्थी, काही तुरुंगात जाऊन आलेले. त्यांना वाटलं, मास्तर आता आपल्याकडे आले. "अण्णा, व्याख्यान कशाला? खोताच्या धिक्काराचा ठराव करू. त्याच्या बाजूने कोणी बोललाच तर खाली बसवू."

अण्णा म्हणाले, "खाली बसवायचं असेल तर मला बोलावू नका. मी भाऊसाहेबांना पत्र पाठवून आमंत्रण दिलंय. ते आले तर आधी त्यांना ऐकायचं."

"म्हणूनच लोक तुम्हाला मवाळ म्हणतात."

"म्हणू देत."

एवढंच बोलून ते आत गेले. त्या काळात मवाळ ही शिवी होती. मी नंतर बऱ्याच शूर माणसांना पाहिलं. पण दोन्ही बाजूंचे लोक पाठ फिरवून गेल्यावरही आपला कोट घालून दुसऱ्या दिवशी कामाला लागणारा माणूस मऊ असतो, हे मला आजही मान्य नाही.

दिवाणखान्याला कुलूप पडलं. देवळाच्या पंचांनी सभामंडप नाकारला. व्यापाऱ्यांनी वखार देतो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरात एकदम पाहुणे आले. वक्ता तर निघायच्या तयारीत होता. त्या काळजीत आम्ही असताना मागच्या दाराशी पारूबाय आली. पारूबाय आगरी बाई, पन्नाशीकडे झुकलेली, बांध्याने लाकडासारखी चिवट. उन्हाळ्यात आगरावर मिठाच्या पाट्या वाहायची आणि पावसाळ्यात नवऱ्याबरोबर भाऊसाहेबांची जमीन कसायची. मिठाने तिच्या टाचांना पडलेल्या भेगांत दगड रुतून बसावा.

"गुरजी," ती म्हणाली, "आगरावं घ्या ना सभा. त्ये आगर मुंबईच्या शेठचं हाय. खोताची सत्ता बांधाच्या अलीकडं. पलीकडं न्हाय."

"शेठची परवानगी?"

"मुकादमाला इचारलंय मी. तो बोल्ला, मिठाला काय कान हायत? घ्या सभा."

अण्णा हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

मग दवंडी पिटली. भाऊसाहेबांचा माणूस वाड्यावाड्यांतून ओरडत गेला की आगरावरच्या सभेत जो कोण बसेल त्याची जमीन पावसाआधी काढून घेतली जाईल. मिरगाच्या तोंडावर जमीन काढून घेतली तर माणूस वर्षभर कोणाच्या दारात उभा राहणार? त्या संध्याकाळी आगराकडे निघालो तेव्हा आपण, वक्ते आणि मुकादम एवढेच असू, अशी माझी खात्री होती.

ऊन कलतं झालं होतं. मिठाच्या राशींवर तांबूस उजेड, खाडीवरून भरतीचा वारा, ओल्या चिखलाचा आणि सुकत्या बोंबलांचा वास. आम्ही रुंद बांधावर दोन खुर्च्या आणि एक सतरंजी ठेवली. प्राध्यापक पांढऱ्याफटक चेहऱ्याने नुकतेच लाँचमधून उतरलेले. सतरंजीवर एकही माणूस नव्हता. पण वाफ्यांच्या कडांनी, राशींच्या सावलीत, पलीकडच्या बांधावर माणसं होती. कोणाच्या हातात फावडं, कोणाच्या डोक्यावर रिकामी पाटी. जणू काम संपवून घरी निघता निघता थबकलेली. हळूहळू ती जवळ आली. बाया आल्या, म्हातारे आले. सगळा बांध भरला. बसलं मात्र कोणी नाही.

अण्णा म्हणाले, "बसा की, मंडळी."

पारूबाय पुढे उभी होती. म्हणाली, "बसाचं न्हाय म्हनून दवंडी हाय, गुरजी. उभं ऱ्हायाला कोन आडवतंय? आमी उभ्यानं आयकतो."

हसू आधी बायांमध्ये फुटलं आणि मग बांधभर पसरलं. अण्णांनी दोन्ही खुर्च्या उचलून बाजूला ठेवल्या. प्राध्यापक उभे, अण्णा उभे, मी उभी. मी मागे वळून पाहिलं तर कोकमाच्या सरबताची कळशी कमरेवर घेऊन आई येत होती. चार दिवस ती अण्णांशी बोलली नव्हती. "माणसं उन्हातून आलीत," एवढंच माझ्याशी बोलली आणि फुलपात्रं धुवायला लागली.

व्याख्यान चांगलं झालं. प्राध्यापकांनी पुस्तकी भाषेत सुरुवात केली आणि समोरचे चेहरे बघून ती सोडून दिली. मीठ कोणी पिकवलं, विकायचा हक्क कोणाचा, त्यावर मधे बसून वाटा घेणारा कोण, असं विचारत ते मिठावरून भातावर आले. जो राबतो त्याला आपल्या राबण्याचा भाव ठरवता आला नाही तर तो माणूस अर्धाच मोकळा, असं म्हणाले. राज्य गोऱ्याचं असो वा काळ्याचं, हे विचारत राहा, असंही म्हणाले. खादीवाली मुलं कडेला उभी होती. ती या वाक्याला चुळबुळली.

मध्येच दमणीच्या बैलांची घुंगरं वाजली. भाऊसाहेब आले होते. बांध जिथे सुरू होतो तिथे दमणी थांबली आणि ते खाली उतरले. सगळ्या माना तिकडे वळल्या. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याचा श्वास मला ऐकू येत होता. अण्णा पुढे गेले. "या भाऊसाहेब. तुमच्यासाठी वेळ ठेवलाय. बोला."

भाऊसाहेबांनी सगळीकडे एकदा नजर फिरवली. ती नजर प्रत्येक चेहऱ्यावर थांबत होती. माझ्यावरही थांबली. मी पदर सावरला नाही की नजर खाली घातली नाही. ते दमणीत चढून परत गेले.

कोणी हललं नाही. भीती गेली होती म्हणून नव्हे. आता निघून गेलं तर काय सोडून जाऊ, ते सगळ्यांना उमगलं होतं.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा पारूबायने विचारलं, "जमीन उद्या कसनाऱ्याची झाली, तर कागदावं बाईचं नाव लागंल का? की खोत जाईल आन्‌ दादला खोत व्हईल?"

पुरुष मोठ्याने हसले. तिचा नवरा सगळ्यांत मोठ्याने. अण्णांनी हात वर केला. "प्रश्न विचारलाय. उत्तर मिळेपर्यंत हसायचं नाही."

प्राध्यापक पारूबायकडे वळले. म्हणाले, "लागलं पाहिजे. मी ते माझ्या भाषणात बोललो नाही. बोलायला हवं होतं." मग एक म्हातारा म्हणाला की हे काय भलतंच, आणि त्याला एका पोराने उत्तर दिलं, आणि बायांनी त्या दोघांना. अंधार पडेपर्यंत बांधावर असा वाद रंगला की अण्णा एका मिठाच्या राशीला टेकून नुसते ऐकत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना तसं समाधानी मी पाहिलं नव्हतं.

याची किंमत पडली, आणि ती सगळ्यांना सारखी पडली नाही. पनवेलहून नकार आला. जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा हेडमास्तरच्या खुर्चीत दुसरे गृहस्थ होते. आम्ही लहान घरात राहायला गेलो आणि अण्णा शिकवण्या घेऊ लागले. हे सोसण्यासारखं होतं. पण भाऊसाहेबांनी काही कुळांची जमीनही काढून घेतली आणि त्यात पारूबायची होती. ज्या पावसात ती चिखलात लावणी करायची त्या पावसात ती दुसऱ्यांच्या बांधावर मजुरीला गेली.

अण्णांना ते झेपेना. एका सकाळी पावसात भिजत ते तिच्या झोपडीवर गेले. मी बरोबर होते. चुलीचा धूर कौलांतून निघत नव्हता, घरभर कोंडला होता. अण्णा म्हणाले, "पारूबाय, माझ्यामुळे तुमची जमीन गेली. मी तुमचा अपराधी आहे."

ती चुलीत फुंकत होती. फुंकणी खाली ठेवून डोळे पुसत म्हणाली, "तुमच्यामुळं? म्हंजे मी माज्या अकलेनं उभी न्हाय ऱ्हायले व्हय? तुमी न्हवतं सांगितलं उभं ऱ्हा म्हनून. मी ऱ्हायले. माजं त्ये माज्याकडं ऱ्हाऊ द्या, गुरजी. त्येबी काढून घेऊ नका."

परतताना अण्णा छत्री उघडायची विसरले. घर जवळ आल्यावर म्हणाले, "मी आयुष्यभर स्वातंत्र्यावर बोललो. हे कोणी मला सांगितलं नव्हतं." मला तेव्हा त्यांची दया आली होती. आता येत नाही. पन्नाशीत ज्याला नवं काही कळतं त्याची दया कसली करायची?

व्याख्यानमाला थांबली नाही. पुढच्या वैशाखात पुन्हा आगरावर, त्याच्या पुढच्याही. दर वर्षी अण्णा भाऊसाहेबांना आमंत्रण धाडायचे. खादीवाली मुलं चिडायची. ज्याने तुमच्या पोटावर पाय दिला त्याला हारतुरे कसले, म्हणायची. अण्णा म्हणायचे, "हार नाही. फक्त वेळ." मीही एकदा वैतागून विचारलं, अण्णा, पारूबायला काय वाटत असेल? ते म्हणाले, तिलाच विचार. विचारलं. ती म्हणाली, "येऊ दे की. माज्या मनात लई साठलंय. तो आल्याबिगर कुनाला सांगू?"

मी पुढे मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले. लग्न केलं, उशिरा, माझ्या मर्जीने, आणि अक्षतांच्या वेळी आई इतकी हसत होती की तिच्या त्या भाकऱ्यांची आठवण कोणी तिला करून दिली नाही. नंतर स्वराज्य आलं, कुळकायदा आला, बऱ्याच जणांच्या नावावर जमिनी लागल्या. बायांची नावं मात्र फार थोड्या कागदांवर आली. ते भांडण अजून शिल्लक आहे, आणि मी मेल्यावरही कोणीतरी ते भांडावं अशी माझी इच्छा आहे. लोक म्हणतात, सभा घेऊन, भाषणं करून काय होतं? ज्याच्या हाती दांडा तोच शहाणा. मी हे साठ वर्षं ऐकते आहे, आणि ज्यांच्या हाती दांडा असतो ते सभेच्या जागेला कुलूप का लावतात, याचं उत्तर मला त्यातल्या एकानेही दिलेलं नाही.

त्या पहिल्या सभेनंतर तिसऱ्या की चौथ्या वैशाखात भाऊसाहेब सभेला आले. का आले ते मी खात्रीने सांगू शकत नाही. गावात बोललं जायचं की खोताला जमीन काढून घेता येते, पण चार माणसांत उत्तर देता येत नाही. ते त्यांच्या कानावर गेलं असावं आणि जिव्हारी लागलं असावं. मधल्या काळात त्यांचे केस पांढरे झाले होते. ते बांधावर चालत आले तेव्हा खादीवाल्यांतला एकजण ओरडला, "परत जा." आणखी चारपाच आवाज चढले. अण्णा काही बोलायच्या आत पारूबायने त्या पोराच्या दंडाला धरलं. "गप ऱ्हा. बोलू दे त्याला. मंग मी बोलनार हाय."

भाऊसाहेब बोलले. चांगलं बोलले, हे कबूल करायला हवं. आपल्या आजोबांनी खाजण बांधून खारं पाणी कसं हटवलं, दुष्काळात कोठारं कशी उघडली, नुसत्या कुळांच्या हाती जमीन गेली तर बांध फुटल्यावर दुरुस्त कोण करणार, असं सगळं त्यांनी शांतपणे मांडलं. ज्यांची जमीन त्यांनी काढून घेतली होती ती माणसं समोर होती. त्यांनी एक शब्द मध्ये टाकला नाही. वाऱ्याने मिठाचे कण उडत होते आणि ओठांवर खारट लागत होते.

बोलणं संपवून भाऊसाहेबांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि दमणीकडे वळले. पारूबाय बांधाच्या मधोमध येऊन थांबली. बांध तिथे अरुंद होता. बाजूने जायला वाट नव्हती.

"खोतसायेब," ती म्हणाली, "आमी तुमचं सगळं आयकलं. आता जरा माजं आयका."

आणि भाऊसाहेब थांबले.